चित्रांच्या पुस्तकांतील बोध

रात्रीचें जेवण आटोपल्यावर आई मुलाला मांडीवर घेते आणि चित्रांचें पुस्तक उघडते, हें दृश्य आपल्या घराघरांतून परिचयाचें आहे. मूल एका चित्रावर बोट ठेवून विचारतें, "हा कां रडतो आहे?" आई उत्तर देते, परंतु उत्तर देतां देतां तिच्याच मनांत शंका उभी राहते कीं, हें चित्र मुलाला दाखवावें कीं पान उलटून पुढें जावें. तेवढ्यांत पलीकडे वर्तमानपत्र वाचीत बसलेले वडील म्हणतात, "दाखव कीं! आम्हीं नाहीं का असलीं चित्रें पाहिलीं? आमचें काय बिघडलें?" त्यावर आई म्हणते, "तुमचें बिघडलें नसेल; पण रात्रीं हा दचकून उठला म्हणजे त्याला थोपटायला मीच जागी असतें." वाद तेथेंच थांबतो आणि पुस्तक पुष्कळदां कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन पडतें.

असा वाद केवळ आपल्याच घरीं होतो, असें प्रत्येकाला वाटत असतें. वस्तुतः तो फार जुना आहे. एका जर्मन पुस्तकासंबंधानें तर तो पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. त्या पुस्तकाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. कारण मुलांच्या चित्रांतून कोणता बोध होतो याविषयीं आईबापांचीं मतें कशीं व कां भिन्न होतात, हें त्या एका उदाहरणावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या उदाहरणावरून दिसेल.

१८४४ सालचा डिसेंबर महिना. फ्रँकफुर्ट हें त्या काळीं एक स्वतंत्र नगरराज्य होतें. तेथें हाइन्रिख हॉफमन या नांवाचे पस्तीस वर्षांचे एक डॉक्टर राहत होते. गरिबांच्या दवाखान्यांत ते रोगी तपाशीत, आणि फावल्या वेळीं मित्रमंडळांत कविता म्हणून दाखवीत. नाताळ जवळ आला होता. आपल्या कार्ल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलाला भेट देण्यासाठीं एखादें चित्रांचें पुस्तक घ्यावें, म्हणून ते बाजारांत गेले. दुकानांत त्यांना लांबलचक गोष्टी दिसल्या, कंटाळवाण्या चित्रांचे संग्रह दिसले, आणि चांगल्या मुलानें कसें वागावें या उपदेशानें ज्यांचा आरंभ होतो व त्याच उपदेशानें ज्यांचा शेवट होतो, अशीं पुस्तकें दिसलीं. एका भल्यामोठ्या पुस्तकांत तर बाक, खुर्ची, भांडें असल्या वस्तूंचीं चित्रें होतीं, आणि प्रत्येक चित्र मूळ वस्तूच्या कितव्या हिश्शाइतकें आहे याचें प्रमाण मोठ्या काळजीनें नमूद केलेलें होतें. तीन वर्षांच्या मुलानें त्या प्रमाणाचें काय करावयाचें, असा प्रश्न डॉक्टरांना पडला. ते घरीं परतले ते एक कोरी वही घेऊन. "हें घे पुस्तक," असें म्हणून त्यांनीं ती पत्नीच्या हातीं दिली. तिनें उघडून पाहिलें तों पानें कोरीं! तेव्हां, मुलाचें पुस्तक आपण स्वतःच तयार करणार आहों, असा खुलासा त्यांनीं केला.

चित्रकलेचें शिक्षण हॉफमन यांना मिळालेलें नव्हतें. मग हें धाडस त्यांनीं कशाच्या बळावर केलें? त्याचें उत्तर त्यांच्या धंद्यांत सांपडतें. लहान मुलें डॉक्टराला भितात, आणि तें भय बहुधा घरांतच शिकविलेलें असतें. त्या काळच्या जर्मन घरांतून हट्टी मुलाला अशी धमकी देत कीं, धुराडीं साफ करणारा माणूस तुला घेऊन जाईल, नाहींतर डॉक्टर येऊन कडू औषध पाजील. आपल्याकडे बागुलबुवा, पोलीस आणि सुई टोंचणारा डॉक्टर हे तिघे हेंच काम पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. तेव्हां ही पद्धत आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. परिणाम असा होई कीं, डॉक्टर खाटेजवळ येतांच आजारी मूल हातपाय झाडून आक्रोश करूं लागे, आणि त्याची नाडी पाहणेंहि अशक्य होई. अशा वेळीं हॉफमन खिशांतून वही आणि पेन्सिल काढीत, आणि झरझर एका पोराचें चित्र रेखाटूं लागत. हा पोर केस कापूं देत नाहीं; मग त्याचे केस वाढतात. नखें काढूं देत नाहीं. मग तींहि वाढतात. केस वाढतां वाढतां आणि नखें लांबतां लांबतां अखेरीस त्या पोराचें दुसरें कांहीं दिसेनासें होतें. मूल रडणें विसरून कागदाकडे पाहत राही, आणि तेवढ्या अवकाशांत डॉक्टरांचें काम होऊन जाई.

श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें ज्या पुस्तकावर मुलांना भेदरविल्याचा आरोप आला, त्यांतील मुख्य चित्राचा जन्म भ्यालेल्या मुलाचें भय घालविण्यासाठीं झालेला होता.

नाताळांत कार्लच्या हातीं ती वही पडली. तींत दुष्ट फ्रीडरिख होता. तो माशांचे पंख उपटतो, मोलकरणीला चाबकानें मारतो आणि कुत्र्याला बडवतो. शेवटीं कुत्रा त्याच्या पायाचा लचका तोडतो. फ्रीडरिख अंथरुणाला खिळून कडू औषध घेत असतो, आणि कुत्रा टेबलाशीं बसून त्याच्या वाट्याचा केक खात असतो. दुसरा कास्पर. हा चांगला गुबगुबीत मुलगा एके दिवशीं सूप पिणार नाहीं असा हट्ट धरतो. चौथ्या दिवशीं तो दोऱ्यासारखा बारीक होतो आणि पांचव्या दिवशीं मरतो. तिसरा कोनराड. आई बाहेर जातांना त्याला अंगठा न चोखण्याविषयीं बजावते. तिची पाठ वळतांच अंगठा तोंडांत जातो. त्यासरशीं एक शिंपी भली मोठी कात्री घेऊन उडी मारून आंत येतो आणि दोन्ही अंगठे कापून टाकतो. आई परत येते तेव्हां कोनराड बिनअंगठ्यांचा उदास उभा असतो. शिवाय एका शिकाऱ्याची बंदूक व चष्मा पळविणारा ससा होता, आणि एका हबशी मुलाची टिंगल करणाऱ्या तीन पोरांची गोष्ट होती. शेवटीं एक पान रिकामें राहिलें. तें भरून काढण्यासाठीं रुग्णशय्येजवळचा तो केस-नखें वाढलेला पोर तेथें उभा करण्यांत आला. हाच पुढें जगप्रसिद्ध झालेला श्ट्रुवेलपेटर, म्हणजे विस्कटलेल्या केसांचा पीटर.

पुस्तक घरापुरतेंच राहावयाचें; परंतु मित्रांनीं तें पाहिलें आणि छापण्याचा आग्रह धरला. त्याच मित्रमंडळांतील ल्योवेंथाल नांवाच्या प्रकाशकानें तें घेतलें, आणि १८४५ सालीं 'गमतीच्या गोष्टी आणि विनोदी चित्रें' अशा अर्थाच्या नांवानें तें बाहेर पडलें. तें तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं आहे, असेंहि मुखपृष्ठावर छापलेलें होतें. लेखकानें आपलें खरें नांव न देतां 'बालप्रिय' अशा अर्थाचें टोपणनांव घेतलें होतें. पहिल्या १५०० प्रती थोड्याच आठवड्यांत संपल्या. शिळाछापाच्या कारागिरानें आपलीं ओबडधोबड चित्रें सुधारून सुबक करूं नयेत, यावर डॉक्टरांचा कटाक्ष होता. बांधणी साधी असल्यामुळें पुस्तक टिकणार नाहीं, अशी शंका निघाली. तेव्हां मुलांचीं पुस्तकें फाटण्यासाठींच असतात, असें त्यांचें म्हणणें पडलें. पुढील दोन वर्षांत आगपेटीशीं खेळून जळून जाणारी पाउलीन, जेवतांना सारखा चुळबुळ करणारा फिलिप, आकाशाकडे पाहत चालणारा हान्स आणि छत्रीसह वादळांत उडून जाणारा रॉबर्ट यांची भर पडली. १८४७ पासून पुस्तकाला पीटरचेंच नांव मिळालें, १८४८ मध्यें इंग्रजी भाषांतर झालें, आणि १८७६ सालीं शंभरावी जर्मन आवृत्ति निघाली.

आतां वादाकडे वळूं. आज आपण हें पुस्तक हातीं घेतलें तर पहिला आक्षेप क्रौर्याचा निघेल, यांत शंका नाहीं. परंतु त्या काळीं कांहीं टीकाकारांना सलली ती वेगळीच गोष्ट. त्यांचें म्हणणें असें कीं, हीं वेडींवांकडीं चित्रें मुलांची सौंदर्यदृष्टि बिघडवितात. सुसंस्कृत घरांतील मुलानें पहिल्यापासून सुंदर तेंच पाहिलें पाहिजे, हा त्या पिढीचा आग्रह होता. हॉफमन यांनीं त्यावर थट्टेनें उत्तर दिलें कीं, असें असेल तर तान्ह्या मुलांना चित्रशाळांतून आणि प्राचीन पुतळ्यांच्या संग्रहालयांतून वाढवावें! चुकीचा बोध म्हणजे कुरूपतेचा संस्कार, असा त्या टीकाकारांच्या मनांतला अर्थ होता. अंगठे कापणाऱ्या शिंप्यापेक्षां त्या शिंप्याचे वांकडे पाय त्यांना अधिक खुपले असावेत.

विसाव्या शतकांत डोळा बदलला. बालमनाचें शास्त्र उदयास आलें आणि कोनराडच्या अंगठ्यांकडे वेगळ्या दृष्टीनें पाहिलें जाऊं लागलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत व्हिएन्ना येथें दिलेल्या व्याख्यानांत सिग्मंड फ्रॉइड यांनीं या पुस्तकाचा उल्लेख केला आहे. बालकांच्या अंतर्मनांतील गुंतागुंत हॉफमन यांना उमगली होती आणि त्यांच्या लोकप्रियतेचें कारण तेंच, असा त्यांचा अभिप्राय होता. फ्रॉइड यांनीं तो कौतुकानें दिला. परंतु त्याच सिद्धांतावरून पुष्कळ आईबापांनीं उलटें अनुमान काढलें. चित्र जर मुलाच्या मनांत इतकें खोल उतरत असेल, तर कात्री घेऊन धांवणारा माणूस तेथें कायमचा घर करून राहील, असें त्यांना वाटूं लागलें.

दुसऱ्या बाजूचे आईबाप म्हणत कीं, अतिशयोक्ति मुलांना कळते. पांच दिवसांत दोऱ्यासारखा होऊन मरणारा कास्पर, त्याच्या थडग्यावर ठेवलेलें सुपाचें भांडें, हें पाहून मूल भीत नाहीं, हसतें. आणि ज्या भयाला हसतां येतें तें भय उरत नाहीं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन हे या दुसऱ्या पक्षाचे म्हणावे लागतील. १८९१ सालीं बर्लिनमध्यें राहत असतां त्यांनीं हें पुस्तक आवडीनें इंग्रजी पद्यांत उतरविलें आणि त्या नाताळांत आपल्या मुलींना भेट दिलें. तें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं, १९३५ सालीं, छापून निघालें.

दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट बहुधा विचारांत घेतलेली नाहीं. या पुस्तकांतील सर्वच गोष्टी एका सांच्याच्या नाहींत. शिकाऱ्याच्या गोष्टींत कोणीहि मूल खोडी करीत नाहीं. तेथें दुबळा ससा बंदूकवाल्या माणसाला पळवीत नेतो, शिकारी विहिरींत पडतो, गोळी लागून त्याच्या बायकोच्या हातांतील कॉफीचा पेला फुटतो, आणि तळाशीं बसलेल्या निरपराध ससुल्याचें नाक त्या कॉफीनें भाजतें. याचा बोध काय? आज्ञाधारकपणा नव्हे खास. रॉबर्ट वादळांत उडून जातो तो कोठें गेला हें कोणालाच कळत नाहीं; कित्येक मुलांना त्याला शिक्षा झाली असें वाटण्याऐवजीं त्याचा हेवा वाटला तर नवल नाहीं. आणि स्वतः पीटर? त्याला कोणी मारीत नाहीं, कोणी जबरदस्तीनें त्याचे केस कापीत नाहीं. लोक छी थू करतात, आणि तो हात पसरून जसाच्या तसा उभा असतो.

मतभेद अत्यंत तीव्र होतो तो हबशी मुलाच्या गोष्टीवर. एक काळा मुलगा रस्त्यानें चालला आहे. तीन गोरीं पोरें त्याच्या रंगावरून त्याला हिणवतात. निकोलस नांवाचा एक उंच वृद्ध त्यांना आवरतो. तीं ऐकत नाहींत, तेव्हां तो तिघांना उचलून शाईच्या प्रचंड दौतींत बुडवितो. पोरें त्या मुलापेक्षांहि काळीं होऊन बाहेर येतात आणि त्याच्या मागून चालूं लागतात. एक पक्ष म्हणतो, १८४५ सालीं, अमेरिकेंत गुलामगिरी चालू असतांना, वर्णावरून हिणविणें हा दंडनीय अपराध आहे असें तीन वर्षांच्या मुलाला सांगणारें हें पुस्तक धन्य होय. दुसरा पक्ष विचारतो, काळें होणें ही जर शिक्षा, तर काळेपणा ही वाईट गोष्ट आहे असेंच मूल शिकणार नाहीं काय? आणि ज्याचा अपमान झाला तो मुलगा संपूर्ण गोष्टींत एक शब्दहि कां बोलत नाहीं? चित्र तेंच, पद्य तेंच; परंतु एकाला त्यांत समतेचा पाठ दिसतो आणि दुसऱ्याला विषमतेचा. दोघेहि प्रामाणिक असतात. गोऱ्या मुलाचा बाप आपलें मूल त्या तिघांच्या जागीं पाहतो; काळ्या मुलाची आई आपलें मूल त्या मुक्या मुलाच्या जागीं पाहते. पुस्तक जर्मनीबाहेर पसरलें, आणि जर्मनीतील घरेंहि सर्व एका वर्णाचीं राहिलीं नाहींत, तेव्हां हा दुसरा प्रश्न टाळणें अशक्य झालें.

आणखी एक वळण सांगितलें पाहिजे. १९६८ च्या सुमारास पश्चिम जर्मनींतील तरुण पिढीनें आपल्या वडिलांना जाब विचारण्यास प्रारंभ केला. ज्या समाजानें हिटलरची आज्ञा निमूटपणें पाळली, त्याला आज्ञापालनाचें बाळकडू कोठें मिळालें, असा तो जाब होता. आणि बाळपणींच्या पुस्तकांकडे बोट जाणें स्वाभाविक होतें. हॉफमन यांच्याच फ्रँकफुर्ट शहरांत राहणारे व्यंगचित्रकार एफ. के. वेख्टर यांनीं १९७० सालीं 'विरोधी श्ट्रुवेलपेटर' या अर्थाचें पुस्तक काढलें. त्यांत त्याच गोष्टी उलट्या फिरविल्या होत्या. मुलें निर्भयपणें मनासारखें वागतात आणि फजिती होते ती मोठ्यांची. नव्या मताच्या आईबापांना तें फार आवडलें. तथापि थोडा विचार केला तर दिसेल कीं, हेंहि बोधाचेंच पुस्तक होतें. जुन्यानें सांगितलें, मोठ्यांचें ऐका. नव्यानें सांगितलें, ऐकूं नका. मुलाला कांहीं तरी शिकविलें पाहिजे ही आईबापांची तळमळ दोन्हींकडे सारखीच होती.

खुद्द हॉफमन यांचें पुढील आयुष्य या वादांत क्वचितच लक्षांत घेतलें जातें. १८५१ सालीं ते फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. जुन्या कोंदट इमारतींतून रोग्यांना बाहेर काढून शहराबाहेर मोकळ्या हवेंत नवें इस्पितळ उभारण्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १८६४ सालीं तें उघडलें. १८८८ पर्यंत ते तेथें होते. १८९४ सालीं त्यांचा अंत झाला. मनोरुग्ण हे पापी नसून आजारी आहेत, या भूमिकेवर त्यांचें तें सारें कार्य उभें होतें. त्यांच्या चुळबुळ्या फिलिपचें नांव आज जर्मन भाषेंत चित्त स्थिर ठेवूं न शकणाऱ्या मुलांच्या विकाराला बोलीभाषेंत दिलें जातें. फिलिपच्या चित्रांत बाप रागावतो, आई मुकाट्यानें टेबलाभोंवतीं नजर फिरविते, खुर्ची कलंडते, आणि टेबलावरील वस्त्रासह सगळें जेवण जमिनीवर येतें; शेवटीं उपाशी राहतात ते आईबाप. जुन्या पिढीनें हें वाह्यात मुलाचें चित्र मानलें. आजची एखादी आई त्यांत स्वतःच्या घरची जेवणाची वेळ ओळखते आणि म्हणते, हा मुलगा वाह्यात नाहीं, त्याला मदत पाहिजे. चित्रकारानें त्यांतलें काय पाहिलें होतें, हें तो सांगून गेलेला नाहीं.

तर मग, श्रोतेहो, या दीर्घ वादाचा निवाडा काय करावा? मला वाटतें, पुस्तक चांगलें कीं वाईट या प्रश्नापेक्षां तें कोठून निघून कोठें गेलें हें पाहणें अधिक उपयोगाचें होईल. खाटेजवळ बसून डॉक्टर जें चित्र काढीत, तें समोरच्या एका मुलासाठीं असे. मूल हसलें तर नखें आणखी वाढवीत. मूल बिचकलें असतें तर पेन्सिल तेथेंच थांबली असती. वहींतील चित्रेंहि बापानें आपल्या कार्लसाठीं काढलेलीं होतीं, आणि कार्ल कोणत्या गोष्टीला हसतो व कोणत्या गोष्टीला भितो हें त्या बापाला ठाऊक होतें. तीच चित्रें छापून १५०० घरांत गेलीं, मग लाखों घरांत गेलीं, आणि ज्यांचा चेहरा चित्रकारानें कधींहि पाहिला नव्हता अशा मुलांसमोर उघडलीं गेलीं. तेथें एखादें मूल खदखदून हसलें, आणि दुसऱ्या एखाद्यानें रात्रीं अंगठा उशीखालीं लपविला.

आपल्या चिऊ-काऊची गोष्ट आठवा. पावसांत मेणाचें घर टिकतें आणि शेणाचें वाहून जातें. कावळा दाराशीं येऊन हांक मारतो आणि चिमणी त्याला तिष्ठत ठेवते. कांहीं घरांत त्या कावळ्याला शेवटीं तापलेल्या तव्याचा चटका बसतो. कांहीं घरांत चिमणी त्याला आंत घेते आणि गोष्ट तेथेंच गोड होते. ही गोष्ट तोंडी असल्यामुळें आई मुलाच्या डोळ्यांकडे पाहून शेवट ठरविते, आणि त्याबद्दल घरांत वाद झाल्याचें सहसा ऐकूं येत नाहीं. छापील चित्राला ही सोय नाहीं. तेथें कात्री नेहमीं त्याच पानावर असते, आणि म्हणून आईबापांत वाद होतो. तो वाद होणें वाईट नव्हे. "आमचें काय बिघडलें" म्हणणारे वडील स्वतःच्या बाळपणाविषयीं बोलत असतात. "हा दचकून उठतो" म्हणणारी आई समोरच्या मुलाविषयीं बोलत असते. दोघांचेंहि म्हणणें खरें असूं शकतें. परंतु निर्णय करतांना समोरच्या मुलाच्या बाजूचा पुरावा अधिक ग्राह्य मानावा, एवढेंच मला सुचवावयाचें आहे.

हॉफमन यांची ती मूळ वही आज न्यूरेंबर्ग येथील संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. मुलांचीं पुस्तकें फाटण्यासाठींच असतात असें म्हणणाऱ्या गृहस्थाची वही अशी अभंग राहावी, हा एक योगायोगच. पण ती एका विशिष्ट मुलासाठीं भरली गेली होती, हें तिच्याकडे पाहणारानें विसरूं नये. उद्यां रात्रीं आपण चित्रांचें पुस्तक उघडाल, तेव्हां पानावरून नजर काढून क्षणभर मांडीवरच्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. पुढचें पान उलटावें कीं नाहीं, याचें उत्तर तेथें बहुधा मिळेल.